उरलेले तीस मणी

रविवार, दि. ५ जानेवारी

सारसबाग. सकाळी नऊला पोचलो. तळ्यातल्या गणपतीला थंडीचा लोकरी स्वेटर चढवलेला. सौ. बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "टाके सैल पडलेत. कोणी विणला?" पुष्कळ दिवसांत तिने विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. बुद्धी विसरली तरी हात अजून विसरलेले नाहीत.

डॉ. म्हणतात, मोकळ्या जागी न्या, माणसांत ठेवा, नाव-गाव पुन्हा पुन्हा विचारीत जा. म्हणून शनिवार पेठेत पन्नासहून अधिक वर्षे राहून जी ठिकाणे केवळ पाहुण्यांना दाखवण्यासाठी पाहिली, ती या वयात स्वतः पाहुण्यासारखी पाहत हिंडतो आहे. चि. श्रीरंगने एक महिन्याची मुदत घातली आहे. त्यानंतर हडपसरला त्याच्या घराजवळचे केंद्र; तेथे अशा रुग्णांना ठेवून घेतात. मुलगा वाईट नाही. जे दिसते ते बोलतो. पण हिला परक्यांच्या स्वाधीन करून मी येथे कोणासमोर जेवायला बसायचे?

सकाळचा पाठ घेतला. "तुझे नाव काय?" "सुशीला." "कोणाची कोण?" गप्प. अर्धे उत्तर बरोबर.

बुधवार, दि. ८

पर्वती. पायऱ्या ती माझ्याआधी चढली. मी तीनदा टेकलो. वर वाऱ्याला उभी राहून एका फिरायला आलेल्या गृहस्थांना म्हणाली, "हे म्हातारे सकाळपासून माझ्या मागे आहेत. जरा बघता का?"

गृहस्थ माझ्याकडे वळले. "काय आजोबा, या वयात?"

"आमच्या मंडळी आहेत," मी म्हटले.

"त्यांना कळवलंय का तसं?"

भोवतालचे हसले. मीही हसलो, दुसरे काय करणार. उतरताना तिने माझा हात धरला तो केवळ कठडा संपला म्हणून.

नाव विचारले तर आज भलतेच सांगितले. दटावले. मग रडवेली होऊन "सुशीला, सुशीला" असे दोनदा म्हणाली. चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले, एवढा कठोर कधी झालो नव्हतो.

शुक्रवार, दि. १०. एकादशी

सकाळी पाताळेश्वर. आतला गारवा. सौ.ने खांबाला गाल टेकवला आणि डोळे मिटले. तेवढा वेळ ती पूर्वीची वाटली.

दुपारी चि. श्री. हडपसरहून आला. "बाबा, ही पिकनिक नाहीये. काल गॅस चालू ठेवला होता तिनं, शेजारच्यांनी फोन केला. तुम्हाला तरी कळलं का?"

कळले नव्हते. पारायणाला बसलो होतो.

"तुमचं पारायण चालू असतं तेव्हा घरात कोण असतं, बाबा?"

 तो उत्तराला थांबला नाही.

रविवार, दि. १२. सकाळ

काल लिहिणे झाले नाही. सौ. हरवली.

एवढे लिहून पेन खाली ठेवला होता. पुन्हा उचलला. क्रमाने लिहितो.

काल कात्रजचे प्राणिसंग्रहालय. साडेदहाला पोचलो. तिकीट खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ज्येष्ठांची सवलत आधारकार्ड दाखवल्यावर. वय दिसतंय, पण दिसण्यावर तिकीट फाडता येत नाही." कार्ड दाखवले. हत्तीपुढे सौ. हात जोडून उभी राहिली. साप नकोत म्हणाली. सावलीतल्या एका बाकावर बसलो. बारा वाजत आले होते. माझा डोळा लागला. फार तर दहा मिनिटे. पाहतो तो शेजारी पाण्याची बाटली आणि घडी केलेली शाल. ती नाही.

पाणी पिण्याची जागा, स्वच्छतागृह, वाघाचा खंदक, पुन्हा बाक. मग सुरक्षारक्षक. मग ध्वनिक्षेपकाची खोली, तेथल्या सुरेखाबाईंनी खुर्ची दिली आणि दर पाच मिनिटांनी पुकारले, "सुशीला गोविंद पाठक, आपण असाल तिथेच थांबा. आपले यजमान आपली वाट पाहत आहेत." बाग बंद होईपर्यंत पुकारले. त्यांचा आवाज बसला.

पोलीस चौकीत विचारले, अंगावर काय होते. मला साडीचा रंग सांगता येईना. हिरवा म्हणालो, मग निळा. शेवटी सूनबाई मुग्धाने घरी कपाट उघडून, कोणती साडी नाही हे पाहून फोनवर सांगितले: मोरपंखी.

एकटीचे छायाचित्रही नाही. श्री.च्या लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून दिला.

सोमवार, दि. १३

बागेतल्या कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले. मी, श्री. आणि एक हवालदार.

एका शाळेची सहल. मुली दोन-दोनच्या रांगेने फाटकाकडे चालल्या आहेत. शेवटच्या मुलीला जोडीदार नाही. सौ. कडेने येते, त्या मुलीचा हात धरते आणि रांगेबरोबर फाटकाबाहेर पडते. मुलगी वर पाहते, सौ. तिच्याकडे पाहून हसते. रक्षकाला वाटले असेल, शाळेतली आया. बाहेर बाईंनी मुली मोजून बसमध्ये चढवल्या. संख्या बरोबर भरली. बस गेली. सौ. क्षणभर रस्त्याच्या कडेला उभी. मग चित्राबाहेर.

हवालदाराने ते दृश्य पुन्हा लावले. श्री. म्हणाला, "बंद करा हो."

ती हरवली असे चालण्यावरून वाटत नव्हते. जिथे जायचे तिथे निघालेली दिसत होती. त्याचेच अधिक भय वाटते.

मंगळवार, दि. १४. संक्रांत

शेजारच्या कुलकर्णीवहिनी वाटीत तीळगूळ आणि हळदकुंकू घेऊन दारात आल्या. तोंडावर आलेले "गोड बोला" गिळले. कुंकवाची वाटी कोठे ठेवावी त्यांना कळेना. मी म्हटले, ठेवा देवापाशी, येईल ती. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला राग आला. अजून रडण्यासारखे काही झालेले नाही.

दुपारी भोरहून वसंता आला. हिचा धाकटा भाऊ, तोही सत्तरीचा. बसता बसता म्हणाला, "गोविंदराव, पुकारलंत काय म्हणून?"

"सुशीला म्हणून."

"अहो, ती कुठं राहिलीय सुशीला! वर्षभर मला फोनवर सांगते, वसंता, मी मंदा बोलतेय. लग्नाआधीचं नाव तेवढं टिकलंय तिचं. तुम्हाला नाही कधी म्हणाली?"

म्हणाली होती. गेल्या बुधवारी, पर्वतीवरून आल्यावर. "मंदा" म्हणाली आणि मी दटावले.

लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने सुशीला हे नाव लिहिले ते मी. वडिलांनी सुचवले, मी लिहिले. तिला कोणी विचारले नव्हते. तशी पद्धतच नव्हती. त्या नावानेही मी तिला कधी हाक मारली नाही. "अगं" एवढ्यावर एक्कावन्न वर्षे भागली. या वहीतही ती सौ. आहे.

म्हणजे त्या दिवशी दुपारभर, फाटकाबाहेर आवाज पोचत असताना, आम्ही दुसऱ्याच कोणा बाईला हाका मारत होतो.

बुधवार, दि. १५

बाग आज बंद. कात्रजच्या चौकात, बसथांब्यावर, दूध डेअरीच्या रस्त्याला उभा राहून विचारले. मग तळजाई. टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांचा एक घोळका हसण्याचा व्यायाम करीत होता. त्यांच्यातून वाट काढत पुढे गेलो आणि झाडीकडे तोंड करून हाक मारली, "मंदा!"

हजारोंच्या सभेत प्रवचने केली. हा दोन अक्षरांचा शब्द पहिल्यांदा माझा मलाच ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा निघाला. तिसऱ्यांदा ओरडलो. मोर उडाले. हसणारे थांबले. एकीने जवळ येऊन विचारले, "काका, कुत्रं हरवलंय का?"

नाही म्हटले. बायको.

सर्वांनी काठ्या घेऊन तासभर झाडी धुंडाळली. माणसे चांगली असतात. त्याने काही सापडत नाही.

नामरूप गळून पडणे ही मुक्तीची खूण, असे मी चाळीस वर्षे उच्चासनावरून सांगत आलो. श्रोते माना डोलवीत. हिचे नाव माझ्या डोळ्यांदेखत गळून पडले आणि मी ते रोज सकाळी छडी घेतल्यासारखा पुन्हा चिकटवीत होतो. यात मुक्त कोण, बद्ध कोण, काही कळत नाही. प्रवचनात हे विचारणारे कोणी उठले नाही, हे बरे झाले.

गुरुवार, दि. १६

पुन्हा बाग. खिडकीवरचे तेच गृहस्थ. आधारकार्ड काढू लागलो तर हात हलवला. "असू दे. जा आत." तिकीट फाडले नाही.

सुरेखाबाईंनी ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. "तुमच्या आवाजात बोला, आजोबा. ओळखीचा असतो." आता ती येथे नाही हे आम्हां दोघांनाही ठाऊक. तरी बोललो. माकडांपुढे उभी असलेली मुले वर पाहू लागली.

दुपारी श्री.चा फोन. जुन्या कात्रज घाटात भाजलेली कणसे विकणाऱ्या एका बाईने चित्र ओळखले. शनिवारी दुपारी मोरपंखी साडीतली आजी तिच्या शेगडीपाशी बसली. अर्धे कणीस खाल्ले. भोरची गाडी येथे थांबते का, असे विचारले. बाई गिऱ्हाईकाकडे वळली, परत पाहते तो आजी नाही. एक जीप थांबून गेली एवढे आठवते.

भोर. माहेर. तेथे वसंताच्या घरी दार उघडे आहे आणि ती पोचलेली नाही. पाच दिवस.

जेवण गेले नाही. मुग्धाने ताट उचलले.

शुक्रवार, दि. १७. संकष्टी

रविवारच्या पानावर खोटे लिहिले आहे. पोलिसांना खोटे सांगितले, मुलाला खोटे सांगितले. पण येथे, जेथे वाचणारा मीच, येथेही खोटे लिहिले, याची मला आज किळस आली.

डोळा लागला नव्हता.

मध्यान्हसंध्येची वेळ. पळी-पंचपात्र जवळ नाही, म्हणून बाकावरच एक माळ ओढावी असे ठरवले. तिला म्हटले, "इथेच बैस, माझी माळ होईपर्यंत." तिने मान हलवली. मी डोळे मिटले. पाऊण माळ झाली असेल. शेजारी बांगड्या वाजल्या. बाक हलका झाला. ती उठली हे मला कळले. चपला दोन-चार पावले फरफटल्या आणि ती म्हणाली, "मुली चालल्या."

स्पष्ट ऐकले.

जपात बोलू नये. माळ अर्धी टाकू नये. डोळे उघडू नयेत. मुंजीच्या दिवशी वडिलांनी सांगितले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत पाळले. तीसेक मणी उरले असतील. ते मी पुरे केले. नाम घाईने घेऊ नये म्हणून शेवटचे तर सावकाश ओढले. मेरुमण्याशी आलो, माळ डोळ्यांना लावली, मस्तक लववले. मग डोळे उघडले.

त्या तीस मण्यांत ती फाटकापर्यंत गेली.

देवाला विचारावे तर कोणत्या तोंडाने? त्याचेच नाव घेत होतो. त्याने एक मणी हातातून निसटू दिला असता तरी पुरे होते. आज माळ घेतली नाही. मुंजीनंतरचा पहिला दिवस. आभाळ कोसळले नाही. काहीच झाले नाही.

शनिवार, दि. १८

नवी पोस्टरे छापली. मोठ्या अक्षरांत "मंदा", खाली लहान "सुशीला पाठक". श्री. आणि मी घाटापासून भोरच्या वाटेवर लावत निघालो. चहाच्या टपऱ्या, थांबे, देवळांची फाटके. नसरापूरला बनेश्वरच्या राईत सहलीला आलेल्यांची गर्दी. पिंपळाखाली सतरंज्या, डबे. प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे पाहत हिंडलो. एक मोरपंखी साडी दिसली. पाठमोरी. धावलो. या वयात धावलो. वळली तेव्हा चाळिशीची कोणी होती. घाबरली बिचारी.

परत गाडीत बसल्यावर श्री.ला सांगितले. सगळे. माळ, बांगड्या, "मुली चालल्या".

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "तीस मणी, बाबा?"

"साधारण."

"म्हणजे आई उठली ते तुम्हाला कळलं."

"कळलं."

"आणि तुम्ही डोळे उघडले नाहीत."

"नाही."

गाडी कडेला घेतली. उतरला. शेताच्या बांधावर माझ्याकडे पाठ करून उभा. लहानपणी मार खाल्ल्यावर असाच उभा राहायचा, रडताना दिसू नये म्हणून. मी उतरून जवळ जावे की नाही, ठरवता येईना. मारणारा तेव्हाही मीच असे.

परत आला. दार उघडून म्हणाला, "उतरा. तो समोरचा खांब राहिलाय. टेप धरा."

टेप धरली. 

रविवार, दि. १९

श्री. आला नाही. मुग्धा डबा देऊन गेली. "वेळ द्या त्यांना, बाबा." मग दारातून वळून म्हणाली, "आईंना एकदा मी विचारलं होतं, सिंहगडावर गेलात का कधी? तर म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या सोवळ्यात गड बसत नाही गं. हसत म्हणाल्या हं, तक्रार नव्हती."

गेलो नाही कधी. सिंहगड, पानशेत, खडकवासल्याची चौपाटी; घरापासून तासा-दीड तासावर. सुटीत मी सप्ताह करीत असे, ती नैवेद्याचे मुटके करीत असे.

आठ दिवस. थंडी आहे. शाल माझ्याकडे.

सोमवार, दि. २०. दुपारी सव्वातीन

फोन आला. घाटापलीकडच्या एका लहान सरकारी दवाखान्यातून, तेथली परिचारिका. "मंदा म्हणून शोधताय ना तुम्ही? थांब्यावर पोस्टर बघितलं. आमच्याकडे एक आजी हायेत. रस्त्याकडेला पडल्या होत्या, लोकांनी आणून घातलं. ताप होता. नाव मंदा सांगतात, आडनाव नाय सांगत."

"चेहरा? चित्राशी जुळतो?"

"तोंड सुजलंय हो एका अंगानं. जुळतंय म्हणावं तर जुळतंय. साडी फाटली होती, ती टाकून दिली. रंग मला ठाव नाय, मी आज आलेय ड्युटीवर."

हातावर गोंदण आहे का, असे विचारायचे सुचले. सौ.च्या हातावर गोंदण आहे की नाही हे मलाच आठवेना.

"बोलता का त्यांच्याशी?" तिने फोन कोणाच्या तरी कानाशी धरला. श्वास ऐकू आला.

"मंदा," मी म्हटले.

"कोण?"

आवाज खोल, कोरडा. तिचा असेल. तापात, दातांची कवळी नसताना, कोणाही म्हातारीचा असेल. एक्कावन्न वर्षांत ती माझ्याशी पुष्कळ बोलली असणार; मी ऐकले असते तर आज कळले असते.

कोण, याला काय उत्तर द्यायचे? मंदाला मी कोणीच नाही. ती अजून माझ्या घरी यायची आहे.

"न्यायला येतोय," म्हटले.

 मग एकदम लहान मुलीसारखे, "आईनं पाठवलंय?"

हिच्या आईला जाऊन तीस वर्षे होतील. असत्य बोलू नये, हे मी दोन पिढ्यांना पाठ करून घेतले.

"हो," म्हटले. "आईनंच पाठवलंय."

"मग लवकर या. इथं सगळे परके आहेत."

परिचारिकेने फोन घेतला, पत्ता सांगितला. वही शोधता शोधता तो हातावर लिहून घेतला.

श्री.ला कळवले. "निघतो," म्हणाला. दोन दिवसांत पहिला शब्द. मग म्हणाला, "बाबा, मंदा नावाच्या खूप म्हाताऱ्या असतात. आणि आईला प्रत्येकच म्हातारी विचारते. फार धरून बसू नका." वसंतालाही फोन केला. तो भोरहून निघाला तर आमच्याआधी पोचेल, पाहून फोन करू का, असे त्याने विचारले. नको म्हटले. तो चमकला असावा. श्री.लाही ते पटणार नाही.

हडपसरहून गाडी यायला अजून अर्धा तास. शाल, कवळीची डबी, एक धुतलेली साडी पिशवीत घातली.

ती सौ. नसेल, हेही मनाशी बोलून पाहिले. नसली तरी जाणे आहे. आईने पाठवले, असे मी तिला सांगून बसलो आहे.